आठ जणांनी एका गाडीत चढण्यापूर्वी

इटलीच्या किनाऱ्यावर मित्रमंडळींबरोबर जायचंय म्हणून कुणी सल्ला विचारला, की मी आधी विचारते, किती जण? उत्तर चारच्या पुढे गेलं की बोलणं लांबतं. आम्ही आठ जण गेलो होतो. कॉलेजपासूनचा ग्रुप, सगळे पन्नाशीच्या पुढचे, राजगड-तोरणा एकत्र पायाखाली घातलेले. त्यामुळे आपण एकमेकांना पुरते ओळखतो, असा प्रत्येकाचा समज होता.

आमचा मुक्काम चिंक्वे तेर्रेला होता. लिगुरियाच्या कड्यांना चिकटलेली ही पाच गावं: रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्निल्या, वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो. १९९७ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. ला स्पेत्सिया ते लेवान्तो धावणारी लोकल गाडी त्यांना जोडते, आणि तिचा बराचसा प्रवास बोगद्यांतून होतो. वेर्नात्साचं स्टेशन तर दोन बोगद्यांच्या मध्ये चेपलेलं आहे. गाडी थांबते तेव्हा टोकाचे डबे अंधारातच राहतात. खिडकीबाहेर नुसती काळी भिंत दिसते, आणि सिग्नलला थांबली असेल असं वाटतं.

गर्दीमुळे आमची दोन डब्यांत विभागणी झाली होती. पुढचे पाच जण वेर्नात्साला उतरले. मागचे आम्ही तिघं भिंत बघत बसलो आणि गाडी सुटली. पुढचं मोंतेरोस्सो काही मिनिटांवर, त्यामुळे यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण आठही तिकिटं एकाच फोनमध्ये होती, तो फोन वेर्नात्साच्या फलाटावर होता आणि तपासनीस नेमका तेवढ्यात आमच्या डब्यात आला. बोगद्यात नेटवर्क नाही, म्हणजे स्क्रीनशॉट मागवायचीही सोय नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे तिघांना दंड केला. मग पाच जण आम्हाला शोधायला पुढच्या गाडीने मोंतेरोस्सोला आले, आणि आम्ही त्यांना गाठायला उलट्या गाडीने वेर्नात्साला. दोन्ही गाड्या मध्येच कुठेतरी एकमेकींना ओलांडून गेल्या असणार.

दंड परवडला. रात्री जे झालं ते नाही परवडलं. हे पैसे काँट्रीतून जायचे की तिघांनी भरायचे? आमच्यातल्या सीए मैत्रिणीचं म्हणणं, तिकिटं एकत्र ठेवायचं सगळ्यांनी ठरवलं होतं, तर भुर्दंडही सगळ्यांचा. दुसऱ्याचं म्हणणं, स्टेशन आलेलं कळायला नको? तेव्हा कॉलेजातल्या कुठल्याशा सहलीचा न फिटलेला हिशेबही बाहेर निघाला.

म्हणून पहिली गोष्ट, प्रत्येकाचं तिकीट प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या, नेटवर्कशिवाय उघडेल असं. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा. तो नसेल तर विकत घेतलेलं तिकीटही चालत नाही. पासपोर्टचंही तेच. हॉटेलवाल्याला कायद्याने प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते, तेव्हा सगळ्यांचे पासपोर्ट एका जबाबदार माणसाच्या पिशवीत ठेवण्याची आपली सवय तिथे कामाची नाही. शिवाय अशा जबाबदार माणसाला सहल कधी बघायला मिळत नाही. आणि चुकामूक झालीच, तर पुढे गेलेल्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून परतीची गाडी धरायची. मागे राहिलेल्यांनी जागचं हलायचं नाही. हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवायचं.

पण माझं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे. त्या किनाऱ्याला आठ जणांचा घोळका मावत नाही. गल्ल्या दोन माणसांच्या रुंदीच्या, खाणावळीत मोजकी टेबलं, पायवाटेवर समोरून कुणी आलं की अंग चोरायचं. तिथे एकत्र जावं, एकत्र राहावं, पण दिवसा दोघा-तिघांत फिरावं आणि संध्याकाळी एका टेबलाशी भेटावं. हे आम्ही शिकलो तेव्हा निम्मी सहल संपली होती. उरलेली निम्मी मात्र फार गोड झाली, कारण रात्री सांगायला प्रत्येकाकडे वेगळी गोष्ट असायची.

चालायच्या वाटांवर तर फुटून जाणं भागच आहे. सह्याद्री चढलेल्या माणसाला समुद्राकाठची वाट ती काय, असं वाटतं. पण वेर्नात्सा ते मोंतेरोस्सो ही वाट द्राक्षमळ्यांच्या दगडी बांधांवरून सारखी चढते-उतरते, आणि गुडघे सगळ्यांचे सारखे नसतात. ज्यांना चालायचं नाही त्यांनी बोटीने जावं. मात्र बोट कोर्निल्याला थांबत नाही, कारण ते गाव कड्यावर बसलंय. स्टेशनपासून गावात जायला पावणेचारशेहून अधिक पायऱ्या आहेत. छोटी बस आहे, पण तिची वाट पाहावी लागते. समुद्र खवळला की बोटी बंद होतात, आणि पावसाचा इशारा आला की वाटाही बंद. हे हसण्यावारी नेऊ नका. २५ ऑक्टोबर २०११ च्या पुरात वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखल-दगडांखाली गेले होते. किनाऱ्याच्या वाटेवर साध्या चपला घालून गेलात तर दंड होतो. रिओमाज्जोरे आणि मानारोला यांना जोडणारी ‘व्हिया देल्लामोरे’ २०१२ च्या दरड कोसळण्यानंतर बंद होती, ती २०२४ मध्ये पुन्हा पूर्ण उघडली. तिथे आता ठरावीक वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं. आठातला एकजण पावडर लावत बसला की आठांची वेळ हुकते, हे सांगायला नकोच.

जेवणाबद्दल. दुपारचं स्वयंपाकघर साधारण अडीचला बंद होतं आणि रात्रीचं सातच्या आधी उघडत नाही, त्यामुळे साडेचारला उगवलेल्या आठ भुकेल्यांना कुणी वाली नसतो. टेबलावर बसल्याचे माणशी दोन-तीन युरो बिलात लागतात. त्याला ‘कोपेर्तो’ म्हणतात. आपलं ‘वन बाय टू’ तिथे वाढप्याला रुचत नाही आणि त्यात फारसं वाचतही नाही. शाकाहाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. लिगुरियाचा हिरवागार पेस्तो दिसायला निर्दोष, पण त्यातलं परमेसन चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने बनतं. मग खावं काय? फारिनाता. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. पहिला घास घेतल्यावर आमच्यातला एकजण म्हणाला, “अरे, हा तर आईचा बेसनाचा पोळा!” त्यानंतर त्याने तिथे दुसरं काही खाल्लं नाही.

चिंक्वे तेर्रेऐवजी अमाल्फीच्या किनाऱ्याला जाणार असाल तर नऊ आसनी व्हॅन घ्यायचा मोह टाळा. तो कड्यालगतचा रस्ता अरुंद, वळणांचा. समोरून बस आली की मागे यायची वेळ येते. गर्दीच्या दिवसांत अनेक गाड्यांना नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे सम-विषम तारखा लागतात, आणि जुन्या गावांच्या गाभ्यात परवान्याशिवाय गाडी नेली की कॅमेरा टिपतो. तो दंड घरी परतल्यावर, कधी कधी अनेक महिन्यांनी येतो, म्हणजे काँट्रीचा हिशेब मिटवून झाल्यावर. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो, हे विसरू नका. त्यापेक्षा सालेर्नोहून बोटीने जावं. किनारा पाण्यावरूनच नीट दिसतो.

रेल्वेचा संप, म्हणजे ‘शोपेरो’, तिथे नेमाने होतो आणि बहुधा आधी जाहीर झालेला असतो. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ काही लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. विमान पकडायच्या आदल्या दिवशी कुणीतरी एकाने ते तपासून ठेवावं.

राहिला पैशांचा प्रश्न. काँट्री फक्त सगळ्यांच्या गोष्टींसाठी काढा: घरभाडं, सगळ्यांचं पाणी, सामायिक टॅक्सी. वाइन पिणाऱ्यांची वाइन वेगळी, दंड ज्याचा त्याचा, मग चूक कुणाचीही असो. खाणावळीत बहुतेकदा सगळ्या टेबलाचं एकच बिल आणून देतात, तेव्हा सुटे युरो जवळ ठेवा आणि तिथल्या तिथे वाटणी करा. शेवटचा हिशेब परतीच्या विमानात बसण्याआधी विमानतळावरच मिटवा. आमच्यातल्या एकाचे चौदा युरो अजून माझ्याकडे निघतात, असं त्याचं म्हणणं आहे. माझ्या वहीत ते अकराच आहेत.