शाळेंत काय शिकवावें, हें कोणीं ठरवावें?

अभ्यासक्रम सरकारनें ठरवावा, मास्तरांनीं शिकवावा, मुलांनीं पाठ करावा आणि गांवानें स्वस्थ बसावें, अशी समजूत खेडोपाडीं फार आढळते. ती कितपत योग्य आहे, ह्याचा विचार ह्या धड्यांत आम्ही करूं.

१. गांव. सन १८८२ त जोतीराव फुले ह्यांनीं हंटर शिक्षण कमिशनपुढें निवेदन सादर केलें. प्राथमिक शाळेंत मोडी व बाळबोध लिहिणें-वाचणें, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण ह्यांची ओळख, शेतकीचें मूलज्ञान, आणि नीति व आरोग्य ह्यांविषयीं कांहीं धडे असावे, असें त्यांनीं मागितलें. लहान खेड्यांतील शाळेचे विषय थोडे असले तरी चालतील, परंतु ते कमी उपयोगाचे नसावे, असेंही त्यांचें म्हणणें होतें. ज्यांच्या घामांतून सरकारचा कर भरला जाई, पण ज्यांचीं मुलें शाळेबाहेर राहत, त्यांच्या गरजा पाहूनच ही मागणी केलेली होती.

२. शिक्षक. शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतील असावे. प्रसंगीं नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वासला हातीं धरण्यास ते लाजूं नयेत, असेंही त्या निवेदनांत आहे. ह्याचें कारण उघड आहे. पुस्तक सर्वांस एकच असतें. तें मुलाच्या घरच्या अनुभवाशीं जोडून देणें शिक्षकाच्याच हातीं असतें. ज्यानें पेरणी व बाजार पाहिला आहे, तो त्रैराशिक बियाण्याच्या हिशेबावरून सहज समजावून देईल.

३. विद्यार्थी. फुल्यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ताबाई नांवाच्या मांग समाजांतील मुलीचा, महार-मांगांच्या दुःखाविषयींचा निबंध सन १८५५ त 'ज्ञानोदय' पत्रांत छापला गेला. आपल्या लोकांचे जे हाल तिला ठाऊक होते, तेच तिच्या लेखणीचा विषय झाले. ह्यावरून मूल कोरी पाटी होऊन शाळेंत येत नाहीं, हें शिक्षकांनीं ध्यानांत घ्यावें.

४. कायदा. बालकांच्या शिक्षणहक्काचा सन २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. अभ्यासक्रम सरकारनें नेमलेलें शैक्षणिक मंडळ ठरवितें. तरी मुलाच्या ज्ञानावर उभारणी करावी, करून शिकूं द्यावें, शक्य तों मातृभाषेंतून शिकवावें व मुलाच्या मनांत भय नसावें, असें हा कायदा सांगतो. शिक्षकांनीं पालकांच्या नियमित सभा भरवून मुलाची प्रगति त्यांस सांगावी, हेंही त्यांत आहे. शिवाय शाळा व्यवस्थापन समितींत निदान तीन-चतुर्थांश आईबाप अथवा पालक असावे व निम्म्या स्त्रिया असाव्या, असा नियम आहे.

समितीस पुस्तक बदलतां येत नाहीं, हें खरें. पण मुलांस काय समजतें, काय अडतें व कशाची उणीव आहे, हें विचारतां येतें; शाळेचा विकास आराखडाही तीच तयार करिते. सही करून मुकाट्यानें घरीं परतणारा सभासद आपल्याच मुलाचें नुकसान करितो.

विचारासाठीं प्रश्न : (१) आमच्या समितीची मागील सभा केव्हां भरली व तींत शिकवण्याविषयीं काय बोलणें झालें? (२) आमच्या गांवचें कोणतें काम शिक्षकांस धड्यासाठीं उपयोगीं पडेल? (३) शाळा सोडलेल्या मुलास, ती कां सोडली, हें आम्हीं कधीं विचारलें आहे काय?