चित्रांच्या दाराशी

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा मुंबईस आला होता. वय बारा वर्षांचे. शिक्षण सातारा जिल्ह्यातील एका लहानशा गावी. चित्रे काढण्याची त्याला फार हौस. परंतु ह्या खेपेस त्याची चित्रकलेची वही पिशवीच्या तळाशी तशीच पडून होती. मी कारण विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, मी चित्रे काढायचे सोडून दिले."

हळूहळू सारी हकीकत कळली. सायंकाळी रानातून घरी परतणारा खिल्लारी बैल त्याने निळसर रंगाने रंगवला होता. चित्र पाहून वर्गातील मुले हसली. "बैल कधी निळा असतो का रे?" ह्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवसापासून वही मिटली ती मिटलीच.

त्याला चार शब्द सांगावेत असे माझ्या मनात आले. पण शब्दांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेले अधिक पटते. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला काळ्या घोड्याकडे घेऊन गेलो.

मुलांनो, 'काळा घोडा' हे मुंबईच्या दक्षिण भागातील एका परिसराचे नाव आहे. हुतात्मा चौकातून महात्मा गांधी मार्गाने दक्षिणेकडे चालू लागले, की थोड्याच वेळात आपण तेथे पोहोचतो. तेथे पूर्वी इंग्लंडच्या युवराजाचा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड ह्या नावाने राजा झालेल्या पुरुषाचा, अश्वारूढ पुतळा होता. तो १८७९ साली उभारण्यात आला. ब्राँझच्या त्या काळसर घोड्यावरून लोक साऱ्या परिसरालाच 'काळा घोडा' म्हणू लागले. १९६५ साली तो पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या उद्यानात नेण्यात आला. राजा गेला, घोडाही गेला. पण लोकांच्या तोंडचे नाव मात्र गेले नाही. पुढे २०१७ साली तेथे पुन्हा एक काळा घोडा उभा राहिला. ह्या नव्या घोड्याच्या पाठीवर कोणीही स्वार नाही.

ह्या घोड्यापासून पुढे गेल्यावर जहांगीर कलादालन लागते. दाराशी येताच भाचा थबकला. "मामा, तिकीट किती आहे?"

"येथे तिकीट नाही."

"मग आपल्याला आत सोडतील?" त्याने आपल्या धुळीने माखलेल्या चपलांकडे पाहिले.

मला त्याच्या मनातील संकोच समजला. दार उघडे असते, कोणी अडवीत नसते. तरीही 'हे आपल्यासाठी नाही' असे वाटून कित्येक माणसे बाहेरच्या बाहेर निघून जातात. मी त्याचा हात धरला आणि आम्ही आत गेलो.

हे कलादालन १९५२ साली सुरू झाले. मुंबईत चित्रकलेचे शिक्षण त्यापूर्वी पुष्कळ वर्षे चालू होते. सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली स्थापन झाली होती. बॉम्बे आर्ट सोसायटी ही संस्था १८८८ पासून कलेच्या प्रसारासाठी झटत होती. तरी चित्रे मांडण्यास योग्य अशा जागेची अडचण चित्रकारांना जाणवतच असे. चित्रकार के. के. हेब्बर आणि थोर शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा ह्यांनी अशा दालनासाठी आग्रह धरला. डॉ. भाभा स्वतःही उत्तम चित्रे काढीत असत. सर कावसजी जहांगीर ह्यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ देणगी दिली आणि ही वास्तू उभी राहिली.

प्रदर्शन म्हणजे नुसती चित्रे टांगणे नव्हे. येथे जागा मिळावी म्हणून चित्रकारांना काही वर्षे वाट पाहावी लागते; आणि प्रदर्शन चालते ते साधारणपणे एक आठवडा! चित्रे पाहणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर लावतात. एका चित्राचा रंग दुसऱ्याला मारक होऊ नये, म्हणून त्यांत पुरेसे अंतर ठेवतात. उजेड चित्रावर पडावा, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर येऊ नये, अशी दिव्यांची योजना करतात. शेजारच्या लहानशा पाटीवर चित्राचे नाव, माध्यम व आकार लिहिलेला असतो.

भाचा प्रत्येक चित्राजवळ जाऊन आधी पाटी वाचू लागला. मी म्हणालो, "अरे, पाटी मागाहून वाच. आधी दूर उभा राहा आणि सबंध चित्र पाहा. मग जवळ जाऊन रंग कसा लावला आहे ते पाहा. पुन्हा मागे ये. मात्र चित्राला हात लावायचा नाही."

एका चित्रापुढे तो बराच वेळ उभा राहिला. समुद्राचे चित्र होते. पण त्यात निळा रंग नावालाही नव्हता. सारे पाणी मातकट, गढूळ. जवळच एक वयस्कर बाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्याच ह्या चित्रांच्या चित्रकर्त्या. भाच्याने धीर करून विचारले, "बाई, समुद्र निळा का नाही?"

बाई हसल्या. "मी हा समुद्र जुलै महिन्यात पाहिला. पावसाळ्यात मुंबईचा समुद्र असाच दिसतो. पाणी निळेच असते, असे आपण ऐकलेले असते, आणि म्हणून न पाहताच निळे रंगवतो."

मग भाच्याने आपल्या बैलाची गोष्ट त्यांना सांगितली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "तू त्याला कोणत्या वेळी पाहिलेस?"

"दिवस मावळल्यावर."

"आणि बैलाचा रंग कोणता?"

"पांढरा."

"मग बरोबरच आहे," बाई म्हणाल्या. "सूर्य मावळला की त्याचा पिवळा उजेड जातो, उरतो तो आभाळाचा निळसर उजेड. पांढऱ्या वस्तूवर तो लगेच दिसतो. तुझ्या मित्रांना बैल ठाऊक होता. तू तो पाहिला होतास."

भाचा काही बोलला नाही. पण त्याची खाली गेलेली मान वर आली.

बाहेर पायरीवर बसून मी त्याला कृष्णाजी हावळाजी आरा ह्यांची गोष्ट सांगितली. आरा ह्यांचा जन्म १९१४ साली सिकंदराबादजवळच्या बोलारम येथे झाला. ते लहानपणीच मुंबईस आले. पोट भरण्यासाठी त्यांनी मोटारी धुतल्या, लोकांच्या घरी चाकरी केली. मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन तुरुंगवासही सोसला. तरी ते चित्रे काढीत राहिले. जाणकारांचे लक्ष त्यांच्याकडे गेले, आणि १९४२ साली त्यांच्या चित्रांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. देश स्वतंत्र झाला त्या १९४७ साली मुंबईत तरुण कलावंतांचा 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन झाला. सूझा, रझा, हुसेन, गाडे व बाकरे ह्यांच्या बरोबरीने आरा त्याचे संस्थापक सदस्य होते. ह्यांपैकी हुसेन ह्यांचा जन्म पंढरपूरचा. त्यांनीही उमेदीच्या काळात चित्रपटांचे मोठमोठे फलक रंगवून गुजराण केली होती. फुलांनी भरलेली पात्रे हा आरांचा आवडता विषय. पुढे नव्या चित्रकारांना मदत करण्यात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग वेचला. १९८५ साली ते मुंबईतच निवर्तले.

"मोटारी धुणारा मुलगा एवढा मोठा चित्रकार झाला?" भाच्याने विचारले.

"झाला खरा. पण त्याने मोटारी धुतल्या म्हणून नव्हे; मोटारी धुतानाही त्याने पाहणे सोडले नाही म्हणून."

दालनाबाहेरच्या पदपथावर काही चित्रकार आपली चित्रे मांडून बसले होते. आत जागा मिळालेली नसली तरी त्यांचे काम थांबलेले नव्हते. ऑफिसातून घरी परतणारी माणसे घटकाभर थांबत, चित्रे पाहत व पुढे जात. ह्याच परिसरात १९९९ पासून काळा घोडा कला महोत्सव भरू लागला. ह्या महोत्सवात रस्त्यावरची वाहने बंद करून तेथे चित्रे व शिल्पे मांडतात. नृत्य, संगीत, नाटक व साहित्य ह्यांचे कार्यक्रम होतात. टाकाऊ वस्तूंतून कलावंतांनी घडवलेल्या मोठमोठ्या आकृतींभोवती मुले गर्दी करतात. ज्यांना दालनाच्या दाराशी संकोच वाटतो, त्यांच्यासाठी त्या दिवसांत कलाच दाराबाहेर येते.

परत निघालो तेव्हा दिवस मावळला होता. काळ्या घोड्यापाशी येताच भाचा थांबला. काही पावले मागे गेला, पुन्हा जवळ आला. घोड्याच्या गुळगुळीत पाठीवर आभाळाचा शेवटचा उजेड रेंगाळत होता.

"मामा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "आता हा घोडाही थोडा निळा दिसतो."

त्या रात्री जेवणे झाल्यावर पिशवीच्या तळाशी पडलेली वही बाहेर आली.

शब्दार्थ
दालन – मोठी खोली. दिवंगत – मृत, स्वर्गवासी. एकल प्रदर्शन – एकाच कलावंताच्या कलाकृतींचे प्रदर्शन. मारक – हानी करणारा. पदपथ – रस्त्याच्या कडेची पायवाट. निवर्तणे – मरण पावणे.

स्वाध्याय
१. भाच्याने चित्रे काढणे का सोडले होते?
२. 'राजा गेला, घोडाही गेला. पण नाव मात्र गेले नाही,' असे लेखकाने का म्हटले आहे?
३. प्रदर्शनात चित्रे लावताना कोणती काळजी घेतात?
४. 'तुझ्या मित्रांना बैल ठाऊक होता. तू तो पाहिला होतास.' ह्या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. आरा ह्यांच्या जीवनातील कोणता प्रसंग तुम्हांला महत्त्वाचा वाटतो? का?

उपक्रम
घराजवळचे एक झाड सकाळी, दुपारी व सूर्यास्तानंतर नीट पाहा. प्रत्येक वेळी त्याच्या पानांचा रंग कसा दिसला ते वहीत लिहा व तसाच रंगवा.