मैदानावर एकत्र, पंगतीत वेगळे?

पालकहो, मुलांना शेजारी घेऊन पाहावा असा एक चित्रपट सुचवते. ‘ग्लोरी रोड’, २००६ सालचा. अमेरिकेतल्या टेक्सास वेस्टर्न या फारशा नावारूपाला न आलेल्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ आणि त्याचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांच्या खऱ्या कामगिरीवर तो बेतला आहे. १९ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात हॅस्किन्स यांनी सुरुवातीलाच पाचही कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले आणि केंटकीच्या सगळ्या गोऱ्या संघाला ७२-६५ असे हरवले. मुले सामन्यांत रंगून जातील. तुम्ही मात्र दोन सामन्यांच्या मधले प्रसंग नीट बघा. या पोरांना बाहेरगावी मार खावा लागतो, त्यांच्या मुक्कामाच्या खोल्यांची नासधूस होते.

चित्रपट संपला की मुले म्हणतील, ‘अमेरिकेत असं होतं?’ तेव्हा त्यांना आपल्या साताऱ्याची गोष्ट सांगा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सातारा जिमखाना हा फक्त गोऱ्यांचा क्लब होता. पुण्याच्या हिंदू क्लबचा संघ तिथे खेळायला आला. त्यात पालवणकर बाळू हा डावखुरा फिरकी गोलंदाज होता. चर्मकार समाजातला, १८७६ साली धारवाडला जन्मलेला. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर तो खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायचा आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचा. बॅट त्याच्या हाती कुणी देत नसे. त्याची फिरकी बोथट व्हावी म्हणून साताऱ्याच्या यजमानांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला, असे सांगतात. बाळूने तरीही सात गडी टिपले. संघ जिंकला. साताऱ्याच्या रस्त्यांवरून बाळूची हत्तीवरून मिरवणूक निघाली, असेही सांगतात.

मुलांना ही मिरवणूक आवडेल. पण इथेच थांबू नका. याच बाळूला आपल्याच संघात चहा मिळायचा तो पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवणाचे ताट वेगळे, जागाही वेगळी. त्याच्या हातचा चेंडू सगळे झेलत होते. चेंडूचा विटाळ नव्हता, कपाचा होता!

आणि याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव इंग्रजी शाळेत दाखल झाले. आजचे ते प्रतापसिंह हायस्कूल. मुलगा भीमराव आंबेडकर. त्या शाळकरी दिवसांबद्दल बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. बसायला स्वतःचे गोणपाट. ते रोज घरून न्यायचे, संध्याकाळी परत आणायचे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. नळाची तोटी स्वतः फिरवायची मुभा नाही. शिपाई असेल तरच पाणी. एका अस्पृश्य खेळाडूला हत्तीवर बसवणाऱ्या गावाने मुलाला नळाशी उभे केले नाही. टाळ्या वाजवायला गावाला काही सोडावे लागत नव्हते. पाणी द्यायचे तर घरातली रीत बदलावी लागली असती.

बाळूने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. मुंबईच्या धर्मवार स्पर्धांतल्या हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला शेवटपर्यंत रीतसर मिळाले नाही. ते मिळाले त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये, तेही भावांनी निषेध करून झाल्यावर.

सांगलीकरांनी मुलांना क्रिकेटपटू विजय हजारे यांचीही गोष्ट सांगायला हवी. जन्म सांगलीचा, १९१५ सालचा, घर ख्रिस्ती. मुंबईच्या त्या स्पर्धांत संघच धर्मावर उभे असत: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन. यांपैकी कशातच न बसणारे सगळे ‘रेस्ट’, म्हणजे उरलेले. १९४३ च्या अंतिम सामन्यात या उरलेल्यांच्या दुसऱ्या डावातल्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या होत्या. भाऊ विवेकबरोबरच्या तीनशे धावांच्या भागीदारीत विवेकचा वाटा अवघा २१ धावांचा. संघ डावाने हरला. आणखी दोन-तीन वर्षांत ती धर्मवार स्पर्धाच बंद पडली. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हेच हजारे होते. उरलेल्यांतला माणूस अख्ख्या देशाचा झाला.

मला मात्र सगळ्यात जवळची वाटते ती एका बाईची गोष्ट. तिने कधी मैदान पाहिले असेल की नाही, कोण जाणे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ जैन घरातल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. त्यांनी या पोरांचे आईपण पत्करले. महार, मांग, मराठा, मुसलमान, सगळी मुले एका चुलीवरचे जेवत. धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. साताऱ्यात खरा बदल झाला तो या स्वयंपाकघरात, असे मी ठामपणे म्हणते.

आता आपल्याबद्दल. मी मैदानावर मुले शिकवते. कबड्डीत एकमेकांच्या घामाने माखलेली पोरे सराव संपला की एकाच बाटलीला तोंड लावतात, एकाच डब्यात हात घालतात. त्यांना काही अडत नाही. अडते ते घरी गेल्यावर. ‘नवीन मित्र मिळाला’ असे पोरगे आनंदाने सांगते आणि आपला पहिला प्रश्न असतो, ‘आडनाव काय त्याचं?’ मग हळूच, ‘राहतो कुठं?’ शिवी नाही, मनाई नाही. पण सहावी-सातवीच्या मुलाला तेवढे पुरते. पुढच्या वर्षी तोच मुलगा डबा खाताना कोपरा बदलतो. हे मी डोळ्यांनी पाहते आणि जीव तुटतो. कारण या मुलांना पुढे संघ, होस्टेल, नोकरी सगळे परक्यांबरोबरच करायचे आहे, आणि आपण त्यांचे जग चार आडनावांएवढे करून ठेवतो.

‘आम्ही नाही हो जात मानत,’ असे बहुतेक पालक म्हणतात. ते खोटे बोलत नाहीत. पण वाढदिवसाला घरी कोण आले होते, हे एकदा आठवून पाहा. संघातल्या बारा जणांपैकी किती होते?

तेव्हा एवढे करा. येत्या रविवारी अख्ख्या संघाला घरी जेवायला बोलवा. पिठलं-भाकरी चालेल. एकाच ओळीत बसवा, घरातल्याच ताटांत वाढा, आणि घरातल्या मोठ्यांनीही त्यांच्याच पंगतीला बसा. आणि पुढच्या रविवारी तुमच्या मुलाला संघातल्या त्या नव्या मित्राच्या घरी जेवायला पाठवा.