नोकरी सांभाळून नीटची तयारी : आधी वेळेचा हिशोब



आपल्या धामणगाव रेल्वेत बारावी सायन्स झालेली कितीतरी मुलं कापड दुकानात, मेडिकलवर, जिनिंगमध्ये कामाला लागतात. असाच एक माजी विद्यार्थी परवा भेटला. जिनिंगच्या काट्यावर दिवसभर पावत्या लिहितो. म्हणाला, "सर, रात्री पुस्तक उघडलं का डोये लागते जी." घरचे म्हणतात, एकतर काम कर नाहीतर अभ्यास. काम सोडलं तर घर चालत नाही. मग आम्ही कागद-पेन घेऊन बसलो.

१) तास मोजा : पहाटे दोन तास, रात्री अर्धा तास, रविवारी सहा तास. आठवड्याचे झाले २१. रोज दहा तास बसणाऱ्या मुलाशी तुलना नको. हे २१ तास वाया जाऊ नयेत, एवढंच पाहायचं.

२) हंगाम पाहा : नीट साधारण मे महिन्याच्या सुरुवातीला असते आणि कापसाची गर्दी दिवाळीपासून मार्चपर्यंत. म्हणून अवघड धडे जून ते ऑक्टोबरमध्येच उरकायचे. हंगामात फक्त उजळणी. एप्रिलमध्ये वेळ लावून सराव पेपर.

३) विषय वेळेनुसार वाटा : १८० प्रश्न, ७२० गुण. त्यात जीवशास्त्राचे ९० प्रश्न, म्हणजे निम्मे ३६० गुण. ताज्या डोक्यानं पहाटे भौतिक-रसायनची गणितं, रात्री जीवशास्त्राचं एनसीईआरटी वाचन. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवा.

४) कागदपत्रं आधीच काढा : बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटाला ४० टक्के लागतात. कमाल वयाची अट २०२२ पासून नाही. दाखल्यांसाठी ऐन प्रवेशाच्या वेळी रजा मिळेलच असं नाही.

एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगा. नीटला पात्र होणं म्हणजे एमबीबीएसची जागा मिळणं नव्हे. याच गुणांवर बीएएमएस, बीएचएमएसचेही प्रवेश होतात. किती वेळा परीक्षा द्यायची, हे घरात बसून आधीच ठरवा.

पालकांनो, दिवसभर राबून आलेलं पोरगं पुस्तकावर झोपलं तर त्याला आळशी म्हणू नका. झोपू द्या, पहाटे मात्र नक्की उठवा. ते दोन तास त्याच्या हक्काचे आहेत.