फाइल पाठविण्यासाठी व्हीपीएन हवाच काय?

शिष्यवृत्तीचे अर्ज, गुणपत्रिका, उत्पन्नाचे दाखले, आधारकार्डाच्या प्रती, हे सारे कागद आता मोबाइलवरून इकडून तिकडे जातात. आमच्या पोलोग्राउंड भागातील लहान कारखानदारही आपले नकाशे आणि दरपत्रके याच मार्गाने पाठवितात. साहजिकच पालक व कार्यकर्ते आम्हां शिक्षकांस वारंवार विचारतात की, ‘जाहिरातीत सांगतात ते व्हीपीएन घेतल्यावाचून फाइल पाठविणे धोक्याचे आहे काय? आणि पैसे थोडे असतील तर फुकटचे व्हीपीएन चालेल काय?’ गरीब विद्यार्थ्यांसाठी जमविलेल्या पैशातून हा खर्च करावयाचा असेल, तर प्रश्नाचा शांतपणे विचार केला पाहिजे.

व्हीपीएन म्हणजे काय?

आपण संगणकावरून एखादी फाइल पाठवितो तेव्हा ती अनेक यंत्रांतून पुढे जाते. वाटेत कोणास ती वाचता येऊ नये म्हणून तिचा मजकूर कूटबद्ध करतात, म्हणजे किल्लीवाचून उलगडणार नाही अशा रूपात तो बदलतात. बहुतेक संकेतस्थळांच्या पत्त्याआधी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे असतात, ती याचीच खूण होय. हे झाले मोहोरबंद पाकीट.

व्हीपीएन ही त्या पाकिटावरची दुसरी पिशवी. ती पिशवी आधी व्हीपीएन कंपनीच्या यंत्राकडे जाते. तेथे ती उघडली जाते आणि आतले पाकीट पुढे रवाना होते. त्यायोगे आपल्या इंटरनेट कंपनीस आपण कोणत्या स्थळाशी बोललो ते कळत नाही, आणि समोरच्यास आपला खरा पत्ता दिसत नाही. मात्र इंटरनेट कंपनीस जे दिसत होते ते आता व्हीपीएन कंपनीस दिसू लागते. विश्वास ठेवावाच लागतो. फक्त तो ठेवण्याची जागा बदलते.

नित्याच्या कामास गरज आहे काय?

व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश २०१६ पासून दोन्ही टोकांदरम्यान कूटबद्ध असतात, आणि २०२२ पासून त्यावरून २ जीबीपर्यंतची फाइल पाठविता येते. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी जागा विनामूल्य मिळते आणि तेथील ये-जाही मोहोरबंद असते. एकाच खोलीतील दोन यंत्रांमध्ये फाइल द्यावयाची तर ‘लोकलसेंड’सारखे विनामूल्य साधन पुरते, त्यास इंटरनेटही लागत नाही. दोन ठिकाणचे संगणक सारखे ठेवावयाचे असतील तर ‘सिंकथिंग’ हे विनामूल्य साधन फाइली कूटबद्ध करूनच पाठविते. या कोणत्याही कामासाठी व्हीपीएन विकत घेण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

खरी गळती वाटेत होत नाही, ती दोन टोकांना होते. ड्राइव्हवरील दुवा ‘ज्याच्याकडे दुवा असेल त्या सर्वांस’ असा खुला ठेवला, तर तो ज्याच्या हाती पडेल त्यास विद्यार्थ्यांचे सारे कागद दिसतील. सायबर कॅफेच्या संगणकावर प्रत राहून गेली, किंवा पन्नास जणांच्या गटात आधारची प्रत टाकली, तर कितीही महागडे व्हीपीएन तिचे रक्षण करणार नाही. दाराला दोन कुलुपे लावून खिडकी उघडी ठेवावी, तशातला हा प्रकार.

फुकटच्या व्हीपीएनचे मोल

यंत्रे चालविण्यास पैसा लागतो. तो ग्राहकाकडून घेतला जात नसेल, तर कोठून येतो हे पाहिले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेच्या संशोधकांनी इतरांच्या सहकार्याने २८३ अँड्रॉइड व्हीपीएन अ‍ॅप तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांपैकी १८ टक्के अ‍ॅप मजकूर कूटबद्धच करीत नव्हते आणि ३८ टक्क्यांत घातक प्रणालीच्या खुणा आढळल्या. ‘होला’ नावाच्या फुकट सेवेत वापरणाऱ्यांच्याच जोडण्या इतरांच्या कामास विकल्या जात होत्या, हे २०१५ मध्ये उघड झाले. फेसबुकच्या मालकीचे ‘ओनाव्हो’ हे अ‍ॅप वापरणाऱ्यांची माहिती गोळा करीत असे. २०१८ मध्ये ते अ‍ॅपलच्या दुकानातून काढावे लागले. सर्वच विनामूल्य सेवा अशा असतात असे नव्हे. तथापि अनोळखी अ‍ॅपच्या हाती मुलांचे कागद देणे शहाणपणाचे नाही.

टोरेंट आणि कायदा

टोरेंट पद्धतीत एकच फाइल अनेकांकडून तुकड्यातुकड्यांनी घेतली जाते, आणि त्यात सहभागी असणाऱ्यांस एकमेकांचे इंटरनेट पत्ते दिसतात. व्हीपीएन तो पत्ता झाकते. परंतु चोरीचा चित्रपट त्यामुळे आपला होत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ६३ व्हीपीएन असो वा नसो, सारखेच लागू आहे. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली टोरेंटवरून घेणे सर्वथा कायदेशीर आहे, आणि तेथे लपविण्याजोगे काही नसते.

सीईआरटी-इन या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढून व्हीपीएन सेवा देणाऱ्यांस ग्राहकांची माहिती पाच वर्षे जतन करण्यास सांगितले. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन या कंपन्यांनी आपली भारतातील यंत्रे काढून घेतली. व्हीपीएनने माणूस अदृश्य होतो, ही समजूत सोडून दिलेली बरी.

व्हीपीएन खरोखर कोठे हवे?

एक जागा मात्र निश्चित आहे. कारखान्यातील अथवा कार्यालयातील संगणकावरील सामायिक फोल्डर घरून उघडावयाचा असेल, तर तो थेट इंटरनेटवर कदापि उघडा ठेवू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने विंडोजच्या याच फाइल-वाटप व्यवस्थेतील दोषाचा फायदा घेऊन शंभराहून अधिक देशांतील संगणक गाठले. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात सापडले. अशा ठिकाणी स्वतःचे व्हीपीएन उभारावे. ‘वायरगार्ड’ आणि ‘ओपनव्हीपीएन’ या प्रणाली विनामूल्य आहेत, आणि कित्येक राउटरांत ही सोय मुळातच असते. जाणकाराकडून एकदा बसवून घ्यावी लागते, एवढाच खर्च.

काय करावे?

थोड्या पैशात काम भागविणाऱ्यांसाठी आम्ही पुढील क्रम सुचवितो:

१. आधारची पूर्ण प्रत पाठवू नये. केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी ‘मास्क्ड’ प्रत आधारच्या संकेतस्थळावरून मिळते. चालेल तेथे तीच द्यावी.

२. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे व जन्मवर्ष. तो ओळखीच्या कोणासही सुचेल. त्यावर विसंबू नये.

३. अनेक कागद ‘सेव्हन-झिप’ या विनामूल्य साधनाने पासवर्ड घालून बांधावेत, आणि पासवर्ड त्याच संदेशात न लिहिता फोनवर सांगावा.

४. दुवा नेमक्या व्यक्तींपुरताच खुला ठेवावा, आणि काम होताच बंद करावा.

५. परक्या संगणकावरील प्रत पुसून खात्यातून बाहेर पडावे.

एवढे केल्यावर पैसे उरलेच, तर ते व्हीपीएनच्या वर्गणीत न घालता एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी व संस्थेच्या कागदांची दुसरी प्रत तीवर पासवर्ड लावून ठेवावी. विद्यार्थी आपले दारिद्र्य कागदावर लिहून आपल्या हाती देतो. तो कागद चव्हाट्यावर न येऊ देणे हा साहाय्याचाच एक भाग आहे, आणि त्यास पैशापेक्षा दक्षताच अधिक लागते.