खेळ रंगला, पण वाक्य कोण बोललं?

बी.एड.चे छात्राध्यापक सराव पाठांसाठी आमच्या शाळेत येतात, तेव्हा इंग्रजीच्या तासाला निरीक्षण वही घेऊन मी शेवटच्या बाकावर बसते. धातुसाधित विशेषणांचा पाठ असला की टाचणात एक खेळ हमखास असतो. ‘बोअरिंग’, ‘बोअर्ड’, ‘टायरिंग’, ‘टायर्ड’ अशा चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या. एकाने चिठ्ठी उचलून मूकाभिनय करायचा, बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. मुलं उभी राहून ओरडतात, फळ्यावर दोन गटांचे गुण चढत जातात आणि पाठ छान झाला असं सगळ्यांनाच वाटतं.

अशाच एका पाठात नववीतल्या मुलाने मोठी जांभई दिली आणि हनुवटी तळहातावर टेकवली. ‘बोअरिंग!’ असा गलका झाला, गुणही मिळाला. चिठ्ठीवर मात्र ‘बोअर्ड’ लिहिलेलं होतं. त्या गडबडीत ते कुणी पाहिलंच नाही. तास संपल्यावर सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या मुलाला मी विचारलं, ‘‘तुला कंटाळा आलाय, हे बाईंना इंग्रजीत कसं सांगशील?’’ तो क्षणभरही विचार न करता म्हणाला, ‘‘आय ॲम बोअरिंग, बाई.’’ हे वाक्य तो उद्या मुलाखतीत बोलला, तर ऐकणाऱ्याला वाटेल की मुलगा स्वतःलाच रटाळ म्हणतोय.

त्या मुलाला शिकवलेलं सगळं आठवत होतं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे नववीत येईपर्यंत या मुलांनी ‘आय ॲम गोइंग’, ‘आय ॲम ईटिंग’ हा साचा वर्षानुवर्षं घोकलेला असतो. ‘आय ॲम’ म्हटलं की पुढचं ‘इंग’ आपोआप जिभेवर येतं. दुसरीकडे ‘ईडी’ लागलं की क्रिया होऊन गेली, हेही त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. मग आत्ता, या क्षणी कंटाळा आलेला असताना ‘बोअर्ड’ म्हणायला मन धजत नाही. शिवाय मराठीत कंटाळा ‘मला’ येतो. वाक्याचा कर्ता कंटाळाच असतो. इंग्रजीत तिथे ‘आय’ येऊन बसतो. इतके अडथळे एकाच जागी असताना ‘ज्यामुळे वाटतं ते आयएनजी, ज्याला वाटतं तो ईडी’ हा नियम फळ्यावर लिहून काम भागत नाही. तो मुलांना पाठ होतो आणि बोलताना निसटतो.

म्हणून नवीन शिक्षकांना मी एवढंच सांगते, की खेळ निवडण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. मुलाने चुकीचं रूप वापरलं, तर खेळ अडतो का? चिठ्ठीच्या खेळात तो अडत नाही. जांभईतून ‘बोअर्ड’ दाखवता येईल, पण ‘बोअरिंग’ वेगळं कसं दाखवणार? त्यात कुणाला पूर्ण वाक्य बोलावंच लागत नाही.

इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये जो बंगळुरू प्रकल्प चालवला, त्याचं या बाबतीतलं मार्गदर्शन मला आजही मोलाचं वाटतं. मुलांना बोलण्याची गरज वाटायची तर मध्ये काहीतरी दरी हवी, असं ते मानत. एकाजवळ असलेली माहिती दुसऱ्याजवळ नसणं ही एक दरी, दिलेल्या माहितीवरून तर्काने काही शोधणं ही दुसरी, आणि आवडनिवड किंवा मत सांगणं ही तिसरी. त्यांचा स्वतःचा भर तर्कावर होता. आपल्या विषयाला मला पहिली दरी सर्वांत उपयोगी वाटते.

आमच्या वर्गात चालतो तो खेळ असा. कागदावर चित्रांच्या जोड्या काढायच्या. एका चित्रात एसटीचा कंडक्टर दाराशी उभा राहून जांभया देतोय आणि प्रवासी गप्पांत रमलेत. दुसऱ्यात कंडक्टर हातवारे करून काहीतरी सांगतोय आणि अख्खी गाडी पेंगते आहे. पहिला कंडक्टर ‘बोअर्ड’, दुसरा ‘बोअरिंग’. दोन मुलं समोरासमोर बसतात, दोघांकडे दोन्ही चित्रं असतात. एकाने मनात एक चित्र धरून फक्त ‘द कंडक्टर इज...’ हे वाक्य पूर्ण करायचं, दुसऱ्याने ऐकून चित्रावर बोट ठेवायचं. रूप चुकलं की बोट भलत्याच चित्रावर जातं आणि बोलणारा स्वतःच ओरडतो, ‘‘अरे, ते नाही!’’ मग बाईंनी काही सांगण्याआधी तो वाक्य बदलून पुन्हा बोलतो. चूक कुठे झाली ते त्याला कुणी दाखवावं लागत नाही.

यात आणखी एक फायदा होतो. आपली मुलं ‘बोअर्ड’मधला शेवटचा ‘ड’ गिळतात. जोडीदाराला नुसतं ‘बोअर’ ऐकू आलं की तो चित्र निवडू शकत नाही आणि परत विचारतो. दोन-चार वेळा असं झालं की ‘ड’ आपोआप स्पष्ट उमटू लागतो. ‘इंटरेस्टेड’मध्ये ‘एड’ वेगळा ऐकू येतो, ‘शॉक्ड’ बोलताना शेवटी जवळजवळ ‘ट’ होतो. हे असे शब्द खेळात आले की तेव्हाच सांगावं, आधी नाही.

चित्रं जमली की मतांकडे वळावं. जोडीने मिळून दोघांनाही ‘फ्रायटनिंग’ वाटणारी एक गोष्ट आणि एकालाच ‘बोअरिंग’ वाटणारी एक गोष्ट शोधायची, आणि वर्गाला सांगायची. इथे ‘इंटरेस्टेड’नंतर ‘इन’, ‘फ्रायटन्ड’नंतर ‘ऑफ’, ‘एक्सायटेड’नंतर ‘अबाउट’ हे शब्द ओघात येतात. मुलं कबड्डीवर, परीक्षेवर, कुत्र्यांवर बोलतात आणि बोलायला थांबत नाहीत.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. ही विशेषणं भावनांची आहेत, आणि भावनांचे खेळ मुलांना लागू शकतात. एका पाठात मुलीला ‘एम्बॅरस्ड’ची चिठ्ठी आली आणि सगळ्यांत लाजिरवाणा प्रसंग वर्गाला सांगायची सूचना मिळाली. तिने घरातलं काहीतरी सांगायला सुरुवात केली, पुढच्या बाकांवर हसू फुटलं आणि ती गप्प झाली. पुढे कित्येक दिवस मुलं तिला त्या शब्दाने हाक मारत होती. तेव्हापासून मी आग्रह धरते: विशेषणाचा विषय वस्तू, प्रसंग, चित्रपट, सामना असावा, वर्गातलं मूल कधीच नसावं. ‘कोण बोअरिंग आहे ते सांगा’ असा खेळ तर कुठल्याही टाचणात मला दिसू नये. स्वतःचा अनुभव सांगायचाच असेल, तर तो निवडण्याचा आणि नाकारण्याचा हक्क मुलाकडे हवा.

६० मुलांच्या वर्गात बाक हलत नाहीत, हे मान्य. पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळावं, एवढ्याने जोड्या होतात. शेजारच्या वर्गाला त्रास होऊ नये म्हणून जोडीतलं बोलणं कुजबुजीत ठेवावं. आपण मधून फिरावं, चुका वहीत टिपाव्यात, खेळ थांबवून दुरुस्ती करू नये. शेवटच्या दहा मिनिटांत टिपलेल्यांपैकी तीन-चार वाक्यं नावं न घेता फळ्यावर मांडावीत.

आणि सुरुवातीला शब्द मोजकेच घ्यावेत. बोअर, टायर, इंटरेस्ट, एक्साइट, फ्रायटन, कन्फ्यूज या सहांच्या जोड्या सरळ आहेत. ‘स्केअर्ड’ची जोडी ‘स्केरी’शी जमते, ‘इम्प्रेस्ड’ची ‘इम्प्रेसिव्ह’शी, ‘स्ट्रेस्ड’ची ‘स्ट्रेसफुल’शी. हे अपवाद पहिल्याच आठवड्यात आणले तर मुलं पुन्हा गोंधळतात. सहा शब्द न अडखळता जिभेवर आले की एका तासाला ‘स्केरी’ घेऊन जावं.