मंडळीच्या शेतांतील सरवा
(लेवीय 19:9-10, रूथ, अध्याय 2)

मंडळीनें मिळून केलेल्या शेतांत उन्हाळीं नांगरट व शेणखत, मृगांत बाजरीची पेरणी, आषाढांत खुरपणी, हस्ताच्या ओलीवर रब्बीची ज्वारी, हीं कामें आपण वाटून घेतों. परंतु आपल्या विश्वासाची परीक्षा खळ्यावर होते. ज्या विधवेस कुळव धरवत नाहीं, तिला वाटा मिळतो काय?

इस्राएलास आज्ञा होती कीं शेताच्या कडा कापूं नयेत व सरवा वेंचूं नये; तो गरिबांचा व उपऱ्यांचा होता. सातूच्या व गव्हाच्या कापणीभर रूथ हिनें तोच वेंचून नामीस पोसलें. म्हणून, बंधुभगिनींनो, पेरणीपूर्वींच हा वाटा ठरवूं या; आणि तो भीक म्हणून नव्हे, तर त्यांचा हक्क म्हणून देऊं या.